मिस्त्रीच्या हातची नाव

हसू नका बे, मीबी एकदा नावेचा मालक होतो. तवा पूर्णेवर पूल नव्हता. घेतली अन् आठ दिवसांत नाव गळायले लागली. सोनाळ्याचा मिस्त्री बैलगाड्या दुरुस्त करे, त्यालेच बोलावलं. त्यानं फटीत चिंध्या कोंबल्या, वरून वंगण फासलं. म्हने, "गाडीच्या चाकासारखी भिजू द्या मालक, लाकूड फुगते." चार दिवस भिजवली, तरी गळतेच! पुन्हा दोनदा चिंध्या कोंबून तिसऱ्या खेपेले मिस्त्री म्हने, "आता एकदम पक्की."

म्हनलं, "मंग बसा, तुमाले पलीकडे सोडतो."

मिस्त्री शेजारी पाण्यात बांधलेल्या मोडक्या डोंग्यात जाऊन बसला.

"काऊन हो मिस्त्री?"

म्हने, "मालक, या डोंग्याले माहा हात नाही लागला अजून."