अडकलेली हाक

डेनिस : काका, अजून एकदा. काहीपण बोला. मी कार्डाचा स्पीड बघतोय.

शालन : बघ. डोळ्यांनी लिहून झालंसुद्धा त्यांचं, अक्षरं दिसतायत की स्क्रीनवर. आवाजच बाहेर येत नाही.

जगन : डे... निस... ला... च... हा... दे.

शालन : ऐकलंस? स्लीपमधून उठवलं की असंच. बंद करून परत चालू केलं की मग खडखडीत बोलतात. तूच जोडलायस ना हा कॉम्प्युटर? मग तुला कसं कळत नाही?

डेनिस : काकी, एकेक पार्ट मीच बसवलाय, म्हणून तर दुकान बंद करून ठाण्याहून आलो. काका स्लो नाहीत. त्यांचा आवाज बनवतं ते ग्राफिक्स कार्ड स्लो आहे. एकदा स्लीपमध्ये गेलं की परत पूर्ण उठतच नाही. अर्ध्या डोळ्यांनी काम करतं.

जगन : रि... स्टार्ट... कर.

डेनिस : केला. थांबा, येऊ दे सगळं. हां, आता बोला.

जगन : माझे तर डोळेच उरलेत. तरी मी काम पूर्ण करतो.

शालन : आला लगेच टोमणा! हाच आवाज रे. वागळे इस्टेटला लेथच्या घरघरीवरून ऐकू जायचा.

डेनिस : पप्पा अजून सांगतात. जगन सुपरवायझरने हाक मारली की शेजारच्या गाळ्यातले लोकपण काम थांबवायचे.

जगन : तुझा बाप ज्युलियस टर्नर म्हणून चांगला. पण घाबरट.

डेनिस : अजून आहेत.

शालन : आणि घरी यायचे तेव्हा? गल्लीच्या तोंडापासून ‘शालन’ म्हणून हाक. मी ओ दिल्याशिवाय चपला काढायचे नाहीत. अख्ख्या चाळीला कळायचं, आले म्हणून. नसांचा आजार निघाला, हात गेले, एक अंगठा तेवढा हलतो, पाय गेले, शेवटी जीभ गेली. तू वेळेवर आवाज रेकॉर्ड करून घेतलास म्हणून निदान हाक तरी राहिली.

डेनिस : काकी, रडू नका ना. ऐका. वीज वाचवायच्या सगळ्या सेटिंग बंद केल्या, ड्रायव्हर काढून नवा टाकला. मघाशी तुमच्यासमोरच स्लीप करून उठवला, तरी तेच. आता एकच राहिलं, बायोस अपडेट. म्हणजे मदरबोर्डात जो मूळ प्रोग्राम असतो ना, तो बदलायचा. या बोर्डाला हा लोचा आधीपासून होता, नव्यात सुधारलाय असं लिहिलंय.

शालन : मग कर की. वाट कसली बघतोस?

डेनिस : ते चालू असताना लाईट गेली ना, तर बोर्ड मेला. दुसरा मिळून बसेपर्यंत काका गप्प. आवाज सेफ आहे, त्याची कॉपी दुकानात ठेवलीय. पण तोपर्यंत काकांना बोलता नाही येणार.

जगन : नको.

शालन : अहो, पण...

जगन : नको म्हटलं ना. स्लीपच काढून टाक.

डेनिस : काढलं असतं काका. पण या पत्र्याखाली रात्रंदिवस चालू ठेवलं तर कार्ड भाजून निघेल. म्हणून तर मी रात्री स्लीप करायला सांगितलेलं. आणि थांबा, आल्या आल्या मी हात लावला तेव्हाच कॅबिनेट तापलेलं. काकी, सकाळी किती वेळ चालू होतं?

शालन : सकाळी कुठे? तू आलास तेव्हा तर आम्ही बोलायला सुरुवात केली. त्याआधी आंघोळ, कपडे, खाणं. रात्री झोपताना मी स्वतः स्लीप केलेला.

डेनिस : मग हा रात्रीच परत उठलाय. काका, अंगठ्याखालचं बटण दाबता तुम्ही? मशीन उठवायचं?

जगन : तू लाईटीचं बघ.

शालन : अहो, तो काय विचारतोय?

जगन : दाबतो.

शालन : कशाला?

जगन : तुला झोप लागली की दाबतो. मग स्क्रीनकडे बघत राहतो. बघणं थांबलं की हा परत स्लीपमध्ये जातो.

शालन : म्हणजे तुम्ही रात्रभर जागे असता? म्हणून डोळे लाल! आणि मी मेली त्यात थेंब घालत बसले. कधीपासून चाललंय हे?

जगन : झाले थोडे दिवस.

शालन : एवढी कसली भीती वाटते तुम्हाला? मी इथेच असते ना, हातभर अंतरावर?

जगन : डेनिस, कर तुझं अपडेट.

शालन : विषय बदलू नका.

जगन : कर म्हणतो ना.

डेनिस : नक्की? काकी, दुपारची लाईट जाते का इथे?

शालन : शहाडला लाईटीचा काय भरवसा. सकाळी एकदा जाऊन आली.

डेनिस : बॅटरीचा बॅकअप आहे, पण जुना झालाय. किती टिकेल सांगता येत नाही. काका, खरं सांगू, माझी हिंमत होत नाहीये.

जगन : बापावर गेलास. दाब.

(स्क्रीन काळी होते. जगनच्या डोळ्यांपुढे आता एकही अक्षर नाही.)

शालन : झालं?

डेनिस : सुरू झालं. आता कशालाही हात लावू नका. मिक्सर, इस्त्री, काही नको. चुकूनपण नको.

शालन : फ्रिजचं बटण बंद केलंय मी. डेनिस, यांच्याकडे बघ. डोळे कसे फिरतायत. अहो, मी आहे. पाणी हवंय? नाही. कूस बदलू? नाही. यांना काहीतरी सांगायचंय रे.

डेनिस : थोडं थांबा काकी. आता स्क्रीन नाही, कसं सांगणार?

शालन : थांबा काय थांबा! हा डबा यायच्या आधी काय आम्ही मुके होतो? अहो, आपली बाराखडी. अक्षर आलं की डोळे मिटा. क ची ओळ का? क, ख, ग, घ... घ. बरं, घ. काना, मात्रा, वेलांटी? काही नाही. पुढचं. क ची ओळ? च ची? ट ची? त ची? प ची? य ची? नाही. श ची? हां. श, ष, स... स. याला काना? काना. घ, सा. घसा!

डेनिस : काकी, दुखतोय का विचारा.

शालन : घसा दुखतोय? भरून आलाय? नळी लावून साफ करू? नाही. आत्ताचं नाही म्हणतायत. मग कधीचं? रात्रीचं?

डेनिस : हा पंखा का मंद झाला? काकी, वरचा पंखा बघा!

शालन : लाईट चालली का रे?

डेनिस : बॅकअप वाजायला लागला. देवा, थोडा वेळ. थोडाच वेळ टिकव रे.

शालन : डोळे मिटले यांनी. रात्रीचंच. रात्री घसा भरलेला? थुंकी अडकली? आणि मला कळलंच नाही? कुठल्या रात्री हो? थांबा. तुम्ही हाक मारलीत आणि मी दचकून उठले, ती? मी विचारलं काय हो, तर म्हणालात, काही नाही, झोप. ती रात्र?

डेनिस : काय म्हणतायत?

शालन : हो म्हणतायत. अरे, मी चिडलेले त्या रात्री. उगाच झोपमोड केलीत म्हणाले यांना. मला काय ठाऊक, ती हाक तेव्हाची नव्हतीच! श्वास कोंडला तेव्हा मारलेली हाक होती ती. ती या डब्यात अडकून बसली. कसंबसं खोकून मोकळं झालं, तेव्हा कुठे माझ्या कानापर्यंत आली. अहो, असंच ना? असंच ना झालं?

डेनिस : काकी...

शालन : मिटले डोळे. हातभर अंतरावर होते रे मी. इथे यांचा जीव चाललेला आणि मी घोरत पडलेले.

डेनिस : तुमची काय चूक त्यात? मशीन माझी. उशीर माझ्या मशीनने केला.

शालन : आणि एका शब्दाने बोलले नाहीत. मी घाबरेन म्हणून एकटेच घाबरत बसले, रात्र-रात्र. अहो, दोघं मिळून घाबरलो असतो ना!

डेनिस : पंखा फिरला. फिरला परत! लाईट टिकली. अपडेट पुढे सरकतंय.

शालन : डेनिस, ते अंगठ्याखालचं बटण आहे ना, त्याला साधी दाराची बेल नाही का लावता येत?

डेनिस : बेल? साधी बेल?

शालन : काय झालं? नाही येत?

डेनिस : येते की. डोळे टिपणारा कॅमेरा लावला, कार्ड लावलं, आवाज बनवला, आणि बेल सुचलीच नाही मला. आजच लावून जातो. सेलवर चालणारी लावतो, म्हणजे लाईट गेली तरी वाजेल.

शालन : ऐकलंत? बेल लावूया. चालेल? डोळे उघडेच ठेवलेत बघ. नाही म्हणतायत. आता का नाही?

डेनिस : आली! काकी, स्क्रीन आली! झालं अपडेट. हात नका लावू, सगळं उघडू दे आधी. कॅमेरा आला. हां काका, बोला.

जगन : बेल वाजवून बायकोला बोलवू? मी काय साहेब आहे?

शालन : गुपचूप वाजवायची! जिवापुढे कसला मान?

जगन : बरं. लाव बेल. पण हाक राहू दे.

डेनिस : दोन्ही राहतील काका. आता खरी टेस्ट. मी स्लीप करतो. मग तुम्ही बटण दाबायचं आणि बोलायचं. करू?

जगन : थांब.

डेनिस : काय झालं?

जगन : भीती वाटते.

शालन : मलापण वाटते. हा बघा, हात धरलाय मी तुमचा. कर रे डेनिस.

डेनिस : केलं. आतले पंखे थांबले. थोडा वेळ झोपू दे त्याला, लगेच उठवलं तर काही कळणार नाही. काकी, तुम्ही बसा ना. उभ्या कशाला? बरं, राहा उभ्या. काका, आता. दाबा.

जगन : शालन.

डेनिस : एका दमात! कार्ड फुल स्पीडला आहे! काकी, ऐकलंत? काकी?

जगन : शालन.

शालन : ओ.