सोविएत तबकड्या आणि उसने कान

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रेडिओ केंद्राचे संचालक महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, माझे सहकारी, निवृत्त होऊनही चहाची वेळ न चुकवणारे ज्येष्ठ मित्र, आणि माझं भाषण किती लांबणार याच्या चिंतेत पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती,

आपण मला निरोप द्यायला जमलात आणि अध्यक्षांनी आत्ताच जाहीर केलं की ते मला सोडणार नाहीत. दोन वर्षांची मुदतवाढ! तुम्ही टाळ्या वाजवल्यात, तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. काहींना वाटलं असेल, गहिवरला बिचारा. कोंडीत सापडलेला माणूसही तसाच दिसतो.

सोविएत तबकड्यांचा संग्रह संगणकावर चढवायचं काम अर्धं राहिलंय आणि ‘कानसेना’शिवाय, म्हणजे माझ्याशिवाय, ते पुरं व्हायचं नाही, असं अध्यक्ष म्हणाले. त्याच आदेशात आणखी एक ओळ होती. तबकड्या आता यंत्रावर धुतल्या जातील, सबब धुणाऱ्या बाईंची नेमणूक महिनाअखेरीस संपेल. या ओळीला टाळ्या नव्हत्या. बाई मागे चहाच्या टेबलाशी उभ्या आहेत.

तरुण मंडळींसाठी थोडं सांगतो. या तबकड्या आपल्याकडे आल्या त्या स्वस्त म्हणून. जाडजूड, पाकिटं उसवलेली, वरची अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती. पण सुई टेकली की काय सांगू! चेलोचं लाकूड ऐकू यायचं. पियानोवाला खोलीतच बसलाय असं वाटून मी एकदा चक्क खुर्ची मागे सरकवली होती. मात्र भरवसा कसला म्हणून नाही. एकाच मैफलीच्या दोन प्रती घ्या. एक अशी, तर दुसरी गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. म्हणून मीच नियम केला, की प्रत्येक प्रत माणसाच्या कानाने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय चढवायची नाही. तो माणूस कोण, हे विचारायची गरजच नव्हती. आमची ऐकायची खोली तुम्हाला ठाऊक आहे. खिडकी नाही, दाराला गादी ठोकलेली, आणि दारात वीतभर काच. एकतीस वर्षं मी त्या डब्यात काढली. तक्रार कुणाकडे करू? कडी मीच लावली होती.

आता जे सांगतोय ते या कागदावर लिहिलेलं नाही.

पियानोची एक तबकडी होती, दुसऱ्या बाजूला अखंड खरखर. वीस वर्षं मी तिच्या वाटेला जात नव्हतो. चार वर्षांपूर्वी बाईंनी ती धुऊन दिली, मी सुई टेकवली, तर आवाज स्वच्छ. खरखरीचा मागमूस नाही. मी आनंदाने बाईंना आत बोलावलं, म्हटलं, तुमच्या हाताला यश आहे, ऐका. त्यांनी ऐकलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“साहेब, ही तर अजून तडतडतेय.”

डॉक्टर म्हणाले, खालचे सूर शाबूत आहेत, वरचे गेले, आणि गेलेले परत येत नसतात. घरी मी बोललो नाही. बायकोचं ऐकू न येणं ही नवऱ्यांची जुनीच खोड, तेव्हा तिलाही संशय आला नाही. त्याच वर्षी केंद्राच्या मासिकात मी सोविएत ध्वनीच्या ‘उबदारपणा’वर लेख लिहिला. पाहुण्यांनी मघाशी त्यातलाच उतारा वाचला. पाहुणे, क्षमा करा. तो उबदारपणा तबकड्यांचा नव्हता हो. मला व्हायोलिनच नीट ऐकू येत नव्हतं.

तेव्हापासून बाई फडकं घेऊन माझ्यासोबत बसायच्या. बारीक खरखर आली की टेबलावर फडकं एकदा फिरायचं, मोठी आली की दोनदा, आणि मी वहीत खूण करायचो. काचेतून बघणाऱ्याला वाटायचं, काय ही स्वच्छता! अध्यक्षमहोदय, आपणच एकदा म्हणाला होतात, या बाईंना त्या टेबलाचं वेड लागलंय. अकराशे तबकड्या अशा झाल्या. कान त्यांचे, सही माझी.

बाईंना काढणार हे मला आठवड्यापूर्वी कळलं. मी त्यांना म्हणालो, सगळं खरं सांगून टाकतो.

त्या म्हणाल्या, “नको साहेब. काम मला दुसरीकडे मिळेल. गेलेलं नाव तुम्ही कुठून आणाल?”

आणि मी, खोटं कशाला बोलू, सुटलो म्हणालो. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुष्पगुच्छ घ्यावा आणि गुपचूप घर गाठावं असा बेत होता. मला लाज वाटते त्याची. आता या मुदतवाढीने ती मूठच धरली. दोन वर्षं मी त्या डब्यात एकटा बसणार, प्रत्येक तबकडीला ‘उत्तम’ म्हणणार, आणि चढवून झालेल्या तबकड्या तर मोडीत जायच्या आहेत. मग खरखर तेवढी कायमची राहील.

तेव्हा अध्यक्षमहोदय, मुदतवाढ मी घेत नाही. ती दुसरी ओळ तेवढी खोडा. विश्वास बसत नसेल तर तीच पियानोची तबकडी लावा, आम्हा दोघांची परीक्षा घ्या. मी नापास होईन, हे आजच सांगून ठेवतो. बाई, पुढे या.

येत नाहीत. मान खाली घालून टेबल पुसताहेत. दोनदा फिरवलं फडकं. कळलं बाई, मोठी खरखर झाली. होऊ दे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, निदान मला तरी शांतच वाटलं, त्याबद्दल मनापासून आभार. सभागृहात कुजबुज चालली असेल, तर ती माझ्यापर्यंत पोचलेली नाही. माझ्या बोलण्यात कुठे कुठे चुकलं ते बाई सांगतील. त्यांचा कान पक्का आहे. त्या सांगतील तेवढं सगळं पोटात घाला.