हॉटेलातली आरती

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण माझ्या सासऱ्यांनी अबुधाबीच्या फाइव्ह स्टार हॉटेलात आरती घेतली होती. लंडनहून आलेल्या आमच्या नव्या साहेबानं स्टाफला फॅमिलीसकट चहाला बोलावलं होतं, आणि मामा नुकतेच चिपळूणहून आले होते. दारात सुटाबुटातल्या मॅनेजरनं "गुड आफ्टरनून" केलं. पाठोपाठ पांढऱ्या पायघोळ अरबी झग्यातला, म्हणजे कंदुऱ्यातला एकजण तबकात धुमसती धूपदाणी घेऊन आला. तिकडची रीत अशी की तो सुगंधी धूर कपड्यांवर घ्यायचा. मी सांगणार तोवर मामांनी धुरावर हात फिरवून डोळ्यांना लावले आणि तबकात एक दिरहम टाकला.

"वीस-बावीस रुपये झाले, जावईबापू," ते म्हणाले. "पण देव कुठं आहे?"

"मामा, देव नाही इथं. अत्तर लावतात ना, तसंच आहे हे."

"मग हा तबक घेऊन का उभा आहे?"

हसू दाबत मी मागे वळलो, तर साहेबानं डोळ्यांना हात लावले होते आणि तो खिसा चाचपत होता.

"किती टाकायचे असतात?" त्यानं हळूच विचारलं.

मी सांगितलं, "यथाशक्ती, सर."