शेवटच्या पेटीवरची पुडी

अ-तो : म्हणजे दवाखान्यातून फोन आला तेव्हापासून हा पंखा असाच पडलाय?

थ्येन-लाय : असाच. त्याचा एक स्क्रू काढायचा राहिला होता. फोन वाजला म्हणून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो बघ, तिथंच आहे.

अ-तो : गंज चढला त्याच्यावर.

थ्येन-लाय : तुझाच आवाज होता. ‘भावजी, ताई गेली’, एवढंच म्हणालीस.

अ-तो : आणखी काय म्हणणार होते?

थ्येन-लाय : काही नाही. मी म्हटलं, ‘बरं’. फोन ठेवल्यावर वाटलं, बरं काय म्हटलं मी.

अ-तो : जाऊ द्या. पेज आणलीय, मासे घातलेली, माझ्या गाड्यावरची. माशाचे काटे काढलेत, नुसतं गिळायचंय.

थ्येन-लाय : ठेव तिथं.

अ-तो : ‘ठेव तिथं’ म्हणत म्हणत कालचा डबाही तिथंच आहे. मांजर तेवढं लठ्ठ झालं.

थ्येन-लाय : त्याचं कुणी गेलेलं नाही.

अ-तो : सरका. निवडायला बसते मी. ढीग बघा केवढा झालाय. तुम्ही आपले जुने सर्व्हर फोडत सुटलात, पण निवडणार कोण? एकात एक मिसळलेला माल धातू गाळणारा भट्टीवाला घेतो का?

थ्येन-लाय : स्टूल घेऊ नकोस.

अ-तो : ताईचं आहे म्हणून?

थ्येन-लाय : ती बादली उपडी कर. तिच्यावर बस.

अ-तो : बसते. बादलीवर बसते, मला काय. ही सोनेरी कडेची कार्डं या टोपलीत ना? आणि तांब्याची तार इकडे. हा चौकोनी बोर्ड?

थ्येन-लाय : आधी बॅटरी काढ. ती बटणाएवढी, चकचकीत. बोर्डाबरोबर भट्टीत गेली तर फुटते.

अ-तो : ही? ही निघतच नाही.

थ्येन-लाय : तुझी ताई नखानं काढायची. माझ्याशी बोलता बोलता. बघायचीसुद्धा नाही तिकडे.

अ-तो : माझं नख तुटलं.

थ्येन-लाय : सवयीनं येईल.

खो : घरात कुणी आहे का? की सगळेच भंगारात गेले?

थ्येन-लाय : ये, खो. ट्रक फाटकाबाहेरच ठेव, आत जागा नाही.

खो : बाहेरच आहे. जेवलीस का गं, अ-तो? हा जेवला का?

अ-तो : मांजर जेवलं.

खो : चालायचंच. बाबा रे, कापड गिरणीच्या सर्व्हरची ती शेवटची पेटी अजून उभीच? बाकीच्या कधीच फोडून झाल्या तुझ्या.

थ्येन-लाय : त्या तिनं मोकळ्या करून ठेवल्या होत्या.

खो : अरे, जुना माल आहे हा. आतल्या चिपांवर सोन्याची टोपी असते. हल्लीच्या मशिनीत असतं काय? नुसता मुलामा. उद्या माझी भट्टीकडे खेप आहे. आज उघडून दे. नाहीतर मी अख्खीच उचलतो, तिथं चेपून घेतील.

थ्येन-लाय : चेपायची नाही.

खो : मग उघड.

थ्येन-लाय : उघडता येत नाही. वर पुडी आहे.

खो : मग काढ की! मक्याचे कुरकुरे तर आहेत. आण, मीच खातो. सुपारीनं तोंड सोललंय माझं.

थ्येन-लाय : हात लावू नकोस तिला!

अ-तो : अहो खो, खाली ठेवा ती. ठेवा. ते ताईचं काम होतं.

खो : ठेवली बाई. तसा हिरव्या पुडीचा मान मलाही ठाऊक आहे. आमच्या सुनेच्या ऑफिसात प्रत्येक मशिनीवर एकेक आहे, मशीन गुणानं चालावं म्हणून; पुडीच्या नावाचा अर्थच ‘गुणी’ ना. हिरवीच लागते म्हणे. पिवळी ठेवली की मशीन रुसतं. पण ही गिरणी बंद पडली रे! आता हे मशीन कुणासाठी गुणानं चालणार आहे?

थ्येन-लाय : ते त्याला कुणी सांगितलंय का?

खो : कुणाला?

थ्येन-लाय : मशीनला. ती म्हणायची, पुडी आहे तोवर ते कामावर आहे. कामावर असलेल्याला फोडायचं नाही. आधी पुडी काढायची, वर हात ठेवायचा. म्हणायची, ‘झालं तुझं. खूप केलंस. आता नीज.’ मग मला हाक, ‘हं, घ्या.’ त्याच्याआधी मी कधी स्क्रूला हात लावला नाही.

खो : माझ्या ट्रकलाही एकदा म्हणाली होती. बॉनेटवर हात ठेवून. मी म्हटलं, वहिनी, हा अजून चालतो. म्हणाली, आवाजावरून वाटत नाही.

अ-तो : ताईच ती.

थ्येन-लाय : हिला विचार. पुड्या काढायची हौस हिला आहे. दवाखान्यातलीही हिनंच काढली.

अ-तो : झालं पुन्हा सुरू?

खो : मी ट्रकमध्ये बसतो. तुमचं होऊ द्या.

अ-तो : बसा. पळा. भावजी, तेव्हापासून ऐकतेय मी हे. मी चर्चमध्ये जाते म्हणून मीच काढली असणार, असंच ना?

थ्येन-लाय : तूच म्हणायचीस, कुरकुऱ्यांनी कुणी बरं होतं का.

अ-तो : म्हणायचे. पण काढली नाही मी.

थ्येन-लाय : तिच्या उशाशी श्वासाचं मशीन. त्याच्यावर मी हिरवी पुडी ठेवली. नर्स हसली, म्हणाली, आम्हीपण ठेवतो. सकाळी बघतो तर नाही. दुसरी आणली, तीही गेली. त्या नर्सवर ओरडलो मी. रडवलं पोरीला. आणि तू कोपऱ्यात गप्प उभी.

अ-तो : हो. गप्प उभी.

थ्येन-लाय : चोरी पकडल्यासारखी.

अ-तो : ताईनं काढली, भावजी.

थ्येन-लाय : काय?

अ-तो : ताईनं. दोन्ही वेळा. शेजारच्या खाटेवर ती मासळीबाजारातली बाई होती ना, खोकणारी? ताईनं मला उठवलं आणि त्या बाईच्या मशीनवर ठेवायला लावली. म्हणाली, ‘हिचं काम बाकी आहे, हिची मुलं अजून शिकतायत.’ ती बाई चालत घरी गेली. तुम्ही पाहिलंत तिला जाताना.

थ्येन-लाय : आणि स्वतःचं?

अ-तो : ते नका विचारू.

थ्येन-लाय : बोल ना. आता काय राहिलंय लपवायला?

अ-तो : नंतर नंतर हात पोचत नव्हता तिचा. मला म्हणाली, जरा वर कर. मी केला. मशीनवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘झालं माझं.’ मग मला म्हणाली, ‘त्यांना सांगू नकोस. तिसरी आणतील.’

थ्येन-लाय : आणलीच होती. खाटेखालच्या पिशवीत होती.

अ-तो : माहीत आहे. पिशवी मीच घरी आणली.

थ्येन-लाय : मला वाटलं, तू... इतके दिवस मी तुझ्याशी धड बोललो नाही.

अ-तो : त्याचं काही नाही. पेज खाल्ली नाहीत त्याचा राग जास्त आला.

थ्येन-लाय : अ-तो.

अ-तो : काय?

थ्येन-लाय : ती ‘झालं माझं’ म्हणाली. पुढचं तिला कुणी म्हटलं का?

अ-तो : पुढचं कुठलं?

थ्येन-लाय : ‘खूप केलंस. आता नीज.’ ते स्वतःचं स्वतःला म्हणता येत नाही. दुसऱ्यानं म्हणायचं असतं.

अ-तो : मी प्रार्थना म्हटली.

थ्येन-लाय : ते वेगळं.

अ-तो : हो. वेगळंच आहे ते.

थ्येन-लाय : तेव्हा मी तिसरी पुडी घ्यायला दुकानात उभा होतो. हिरव्या संपल्या होत्या, म्हणून पुढच्या चौकात गेलो.

अ-तो : त्या पेटीवरची मी काढू का? चर्चला कळणार नाही.

थ्येन-लाय : नको. मीच काढतो.

अ-तो : बरं. या, धरा माझा हात. गुडघा सांभाळून.

(थ्येन-लाय पेटीवरच्या पुडीवर हात ठेवतो. फाटकाबाहेर ट्रकचं इंजिन दोनदा खोकतं आणि सुरू होतं.)

खो : झालं का रे?

थ्येन-लाय : हात ठेवलाय.

खो : मग?

थ्येन-लाय : म्हणायला जातो आणि तिचाच आवाज येतो. माझा येत नाही.

खो : राहू दे मग. उद्याच्या खेपेचं बघू आपण.

थ्येन-लाय : खेप थांबवू नकोस. अ-तोनं निवडलेलं घेऊन जा. बॅटऱ्या बघून घे, एखादी राहिली असेल.

अ-तो : एकही राहिलेली नाही. नखं बघा माझी.

खो : आणि पेटी?

थ्येन-लाय : पेटी राहू दे. तिच्यावरची पुडी काढायची राहिली आहे.