कळ आणि कल

आम्ही मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, घरात बोलणं मराठीच. इथे विलायतेत, ईलिंगमध्ये सगळा जन्म गेला, तरी काउंटरवरची मुलगी माझं सारा हे नाव वाचते आणि तोंडाकडे बघत राहते, काय सांगू तुम्हाला, सारा दिसायला कशी असते ते मला तरी कुठे ठाऊक. मी शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी होते, दुपारचं जेवण वाढायला, पोरांत राहून इंग्लिश आलं, आमचे हे वेअरहाउसला, खाली मान घालून काम, त्यांचं इंग्लिश थँक्यूच्या पुढे गेलंच नाही. हिंदी येतं यांना, पण दुखायला लागलं की माणूस आईच्या भाषेत बोलतो, मी बाळंतपणात इथल्या नर्सला मराठीतून शिव्या घातल्यात.

तर त्या दिवशी सकाळी चहा पिता पिता यांनी छातीवर हात ठेवला. मी म्हटलं अहो काय होतंय, म्हणाले काही नाही गं, गॅस. मी ऐकते होय, हॉस्पिटलला नेलं. हृदयाची पट्टी काढली, ईसीजीची, ती बरी आली. मग डॉक्टर आली, गोड मुलगी हो, म्हणाली घरच्यांनी भाषांतर करायचं नाही, रूल आहे, फोनवर इंटरप्रिटर देते, तुम्ही प्लीज मध्ये बोलू नका. मराठी कोणी मिळेना, हिंदी मिळाली. मी बसले तोंड मिटून, आणि मला ते किती जड जातं ते यांना विचारा.

हे फोनला हिंदीत मराठी मिसळून म्हणाले, छातीत कळ येते, थांबून थांबून कळ, खांद्यापर्यंत. आता हिंदीत ळ नाहीच, त्या बाईने ऐकलं कल, आणि इंग्लिशमध्ये सांगितलं काय, तर छातीत दुखत होतं, यस्टरडे. डॉक्टरने विचारलं आत्ता आहे का, तर हे म्हणाले आत्ता जरा बरं आहे, घरी जायची घाई ना यांना. डॉक्टरचा चेहरा सैल झाला, म्हणाली मग घरी जा, जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा.

आयुष्यभर रूल पाळले मी, पण म्हटलं आज गप्प बसले तर हा माणूस घरी जाऊन मरेल. उठले, म्हटलं नॉट यस्टरडे, नाऊ, कळ म्हणजे जोरात दुखणं, येतं जातं, सकाळपासून चाललंय, त्यांचा घाम बघा. फोनवरची बाई म्हणाली सॉरी आंटी, मुझे कल सुनाई दिया. मी चिडले तिच्यावर, मग वाईटही वाटलं, तिचा बिचारीचा काय दोष. पुन्हा पट्टी काढली आणि मग काय धावपळ झाली म्हणता, यांना ट्रॉलीवरून नेलं ते थेट स्टेंट घालायलाच.

आता बरे आहेत, मीठ कमी म्हणून कुरकुरतात. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावून झाले की आमची नात नोआ यांच्याशेजारी बसते, इथेच जन्मलेली, पोळीला पोली म्हणायची, हे तिला जीभ मागे वळवायला शिकवतात. परवा जमलं तिला, विचारते कशी, आजोबा, छातीत कळ येतो का?

हे म्हणाले, येतो नाही गं, येते. आणि ती काल होती.

देवाने ती कालचीच ठेवावी, अजून काय मागू.