ऊबदार शहरासाठी कोट

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते. भावाच्या अंगावर गुडघ्यापर्यंत येणारा जाड कोट होता.

“ठरलं का एकदाचं शहर?”

“ठरलं. समुद्राकाठचं. तिकडे हिवाळ्यातही पंखा लावून झोपतात म्हणे.”

“चला, सुटलास! तुझी ती सुजलेली बोटं बघवत नाहीत रे. धड घाससुद्धा धरता येत नाही तुला.”

“हं.”

“हं काय? कामाचं काय झालं?”

“मिळालं. कोल्ड स्टोरेजमध्ये.”

“इथल्यासारखंच?”

“इथे भाजी ठेवतो, तिथे मासळी. मासळीला जास्त गार लागतं.”

“अरे देवा! म्हणजे आगीतून फुफाट्यात.”

“फुफाटा गरम तरी असतो गं.”

“दुसरं काहीतरी बघ ना.”

“इथलं बंद पडतंय म्हटल्यावर चार शहरं पालथी घातली, ताई. जो तो अनुभव विचारतो. माझ्याकडे अनुभव आहे तो थंडीचाच.”

“निदान बाहेर पडलास की ऊन तरी मिळेल.”

“उजाडायच्या आधी आत शिरायचं, अंधार पडल्यावर बाहेर यायचं.”

“आणि हा कोट? जाताना बाबांना देणार होतास ना?”

“तिथे ज्याचा त्याने आणायचा असतो. न्यावाच लागेल.”

“बाबांना सांगितलंस?”

“धीर होत नाही. तू सांग ना. त्यांचा जुना आहेच की अजून.”

“कुठला आहे? परवाच वॉचमनला देऊन टाकला त्यांनी. म्हणाले, आता लेकाचा येतोय.”