भावोजींनी फरसबी बरणीत भरली

...नाही, पण तुम्हीच सांगा, तुम्ही जेवून जरा आडवे झालाय, डोळा लागतोय न लागतोय तोवर फोन वाजतो, आणि तुमचा चष्मेवाला विचारतो, "काही नाही, सहज फोन केला, तुम्हाला एका माणसाची दोन नाही ना दिसत?" तर काय वाटेल तुम्हाला? विहीणबाईंनाही तेच वाटलं. पण त्यात आमच्या भावोजींचा तरी काय दोष हो? तुम्हाला सांगतो, त्या दिवशी त्यांची अशी कोंडी झाली होती की इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे काचेच्या बरण्या. माणसानं करायचं काय, सांगा.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. इतके सावध की एकेरी रस्ता ओलांडतानासुद्धा दोन्हीकडे बघतात. अशा माणसाच्या हातून कुणाच्या केसाला धक्का लागायचा नाही, पण ताईनं हौसेनं मागच्या अंगणात फरसबी लावली, आणि ती फरसबी जी सुटली... सकाळी तोडावी, संध्याकाळी पुन्हा लोंबतेय. फ्रिजमध्ये फरसबी, न्हाणीघराच्या बादलीत फरसबी, दुकानात चष्म्याबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात फरसबीची पिशवी. शेजारी तर दार किलकिलं करून आधी ताईचे हात बघायचे, रिकामे असले तरच "या, या". आणि ताई काही टाकू देणार नाही. "पोरासारखी वाढवलीय मी ती." आता पोरासारखी वाढवलेली वस्तू रोज रात्री भाजी करून खायची, माणसानं करायचं काय?

तर भावोजींना मोबाइलवर एक बाई दिसली. ती बरण्यांत काहीबाही भरत होती, झाकणं लावून उकळत्या पाण्यात उभ्या करत होती, आणि बाहेर काढून ठेवल्या की ती झाकणं आपोआप आत बसत होती. टक्. एक बसलं, टक्, दुसरं बसलं. म्हणाली, वर्षभर टिकेल. भावोजींना ते टक् असं काही लागलं... आता ती बाई नक्की कशाच्या बरण्या भरत होती हे नीट बघायला नको? पण नाही. भावोजींचे कान तिकडे, डोळे झाकणांवर.

दुसऱ्याच दिवशी बरण्या आल्या, नवी कोरी झाकणं आली, शेजारच्या आचाऱ्याकडून पातेलं आणलं, ते इतकं मोठं की शेगडीवर ठेवलं तर शेगडी दिसेना. पहिली बरणी फुटली. गरम पाण्यात थंड काच घातली की तडकते, हे काचेत जन्म घालवलेल्या माणसाला ताईनं सांगावं लागलं. मग तळाला फडकं घातलं, बरण्या आधी कोमट केल्या, फरसबी कापली, भरली, उकळली. घरभर वाफ. भावोजींचा चष्मा असा धुरकटला की चिमटा बरणीऐवजी माझ्या मनगटाला लावला. आणि मग ओट्यावर बरण्या मांडून आम्ही तिघं गप्प उभे, लग्नघरात वऱ्हाडाची वाट बघावी तसे. टक्. ताईनं माझा दंड धरला. टक्. भावोजींच्या डोळ्यांत पाणी. खोटं नाही सांगत.

इथवर सगळं छान होतं. इथं थांबायला हवं होतं. पण हातून काही घडलं की ते लोकांना दिल्याशिवाय माणसाला राहवतं का? एक बरणी गेली विहीणबाईंकडे, म्हणजे आमच्या भाचीच्या सासरी. आणि एक... एक बरणी घेऊन भावोजी गेले थोरल्या दादांकडे. भावोजींचा सख्खा भाऊ. वडिलांच्या दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून दोघांचं जे फाटलं ते फाटलंच, कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. निमित्तच सापडत नव्हतं हो. बरणी सापडली. दादांनी दार उघडलं, बरणी दोन्ही हातांनी घेतली, म्हणाले, "तू केलीस?" भावोजी म्हणाले, "हो." झालं. एवढंच बोलणं. पण घरी आले ते पिसासारखे हलके होऊन.

आणि चार दिवसांनी दुकानात एक मास्तरीणबाई आल्या चष्म्याची काडी बसवायला. कॉलेजात अन्न टिकवण्याचाच विषय शिकवतात. काउंटरवर बरणी मांडलेली, शोभेला. बाईंनी विचारलं, "ही प्रेशरखाली केलीय ना?"

"नाही हो, साध्या उकळत्या पाण्यात."

बाईंनी ती बरणी बोटाच्या टोकानं हळूच लांब सरकवली. म्हणाल्या, आंबट फळं असतील तर असं चालतं, पण फरसबी आंबट नाही. यात एक जंतू असतो, त्याचं बी उकळूनही मरत नाही, आणि हवा नसलेली बंद बरणी म्हणजे त्याचं माहेर. तिथं बसून तो विष करतो.

"मग वास येत असेल."

"येईलच असं नाही."

"मग कळतं कसं?"

"खाल्लेल्या माणसाला एकाचे दोन दिसायला लागतात. जीभ जड होते, बोलणं बोबडं होतं. मग श्वास... कुणाला दिलीत का?"

भावोजींनी दुकान उघडं टाकून मला फोन केला. मी धावत गेलो. म्हणालो, सरळ सांगा सगळ्यांना. "सरळ काय सांगू? इतक्या वर्षांनी दादाकडे गेलो ते विष घेऊन गेलो, असं सांगू?" तरी मीच दादांचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पण दादांनी फोन उचललाच नाही. मग लावला विहीणबाईंना, आणि तो प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "नाही बाई... पण थांबा, आता तुम्ही म्हणताय तर चौकटीला दोन कडा दिसतायत खऱ्या." भावोजी मटकन स्टुलावर बसले. "जीभ जड वाटतेय?" "आत्ताच तर उठलेय झोपेतून, तोंड आंबलंय." "श्वास?" "अहो, तुम्ही चष्मेवाले आहात की डॉक्टर?" मागून आमची भाची फोनवर आली, आवाज चढवून. "बाबा, काय विचारताय आईंना?" तिच्यापुढे मात्र भावोजींच्यानं राहवलं नाही, सगळं ओकून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरणी उघडलीच नाही आम्ही. आई म्हणाल्या, इतकी सुबक आहे, राहू दे कपाटात. आणि तसंही... बाबा, फरसबीचा कंटाळा आलाय हो सगळ्यांना."

वाचली की नाही मुलगी? वाचली. आनंद व्हायला हवा की नाही? पण भावोजींचा चेहरा पडला. कुणी खाल्लीच नाही. मी म्हटलं, तुम्ही तरी खाल्लीत का? तर म्हणे, "आधी ताजी संपवायची होती."

राहिले दादा. वहिनी मुलीकडे गेलेल्या, घरात एकटे, आणि फोन उचलत नाहीत. आम्ही स्कूटरवर निघालो. आयुष्यात पहिल्यांदा भावोजींनी सिग्नल तोडला. बेल वाजवली, कुणी येईना. पुन्हा वाजवली. दार उघडलं. दादा भिंतीला धरून उभे, आणि म्हणाले, "कोन... तू? ये, बश."

बोबडं. भावोजी उंबऱ्यातच खाली बसले, दादांचे पाय धरले, आणि एका दमात सुरू... दादा, मी मुद्दाम नाही केलं, मला माहीत नव्हतं रे, बरणीत विष होतं, डॉक्टरकडे चल, पाटीवर तुझं नाव आधी, फक्त तुझंच, चल तू. दादा खाली बघतायत. मी आत बघतोय, तर मोरीच्या कट्ट्यावर तीच बरणी, घासून लख्ख, पाण्यानं भरलेली, आणि पाण्यात दादांची कवळी. दात काढून झोपले होते हो. म्हणून बोबडं. आणि कवळी काढली की ऐकूही कमी येतं असं त्यांचं स्वतःचं म्हणणं, म्हणून फोन नाही.

दादांनी सावकाश कवळी झटकली, बसवली, खुर्चीत बसले. "खाल्ली नाही मी. तू गेलास की लगेच मोरीत ओतली."

"ओतली? का?"

"एवढ्या वर्षांनी तू आलास, तोंडानं काही बोलला नाहीस, हातात बंद बरणी. म्हटलं, काय घातलंय यात कुणास ठाऊक."

भावोजींना एवढा वेळ जिवाची भीती होती, आता नुसतं दुखलं. म्हणाले, "दादा, मी तुला विष घालीन, असं वाटलं तुला?"

दादा शांतपणे म्हणाले, "घातलंसच की."

आता यावर माणसानं बोलायचं काय, सांगा. खरंच होतं ना ते. मग दादा उठले, चहा टाकला, कप पुढे ठेवले, आणि बसले दोघं भाऊ समोरासमोर. गोड झालं हो सगळं. फक्त पहिला घोट कुणी घ्यायचा, यावर चहा जरा गार झाला.